बंद पत्रकातली ओळ

"पदक मिळालं म्हणता, आणि तुम्ही ते पाहिलंच नाही?"

"नाही पाहिलं," टेबलापलीकडे ताठ बसलेला म्हातारा म्हणाला. "पण मिळालंय."

माजी सैनिकांची सेवापत्रकं तपासून दुरुस्त करणाऱ्या या बाईंना सगळं कार्यालय पाठीमागे 'गाळणी' म्हणायचं. सव्वीस वर्षांत एकही खोटी नोंद त्यांच्या हातून पुढे सरकली नव्हती. कुणी न झालेल्या लढाया जिंकून येई, कुणी सायकलवरून पडल्याचा व्रण गोळीचा म्हणून दाखवी. पण कधी न पाहिलेलं पदक मागायला आलेला हा पहिलाच. थाप मारायची तर निदान नीट तयारी करून यावं, असं बाईंना वाटलं.

पुरावा म्हणून त्याने पलटणीतल्या एका सोबत्याचं पत्र आणलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं, घड्यांवर फाटलेलं. 'पदकांची यादी वाचताना तुझं नाव घेतलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं,' एवढंच त्यात होतं. तो सोबती केव्हाच वारला होता. साक्षीदार बरा निवडलाय, बाई मनात म्हणाल्या, उलटतपासणीला यायचा नाही.

"आधी तीनदा अर्ज केलाय," म्हातारा म्हणाला. "तिन्ही वेळा 'नोंद आढळत नाही' असं उत्तर आलं. आमच्या संघटनेत मला थापाड्या म्हणतात, ताई. तोंडावर म्हणतात. मला पदक नको, काही नको. तेवढी नोंद करून द्या. एकदा नेऊन त्यांच्यापुढे ठेवतो."

शेजारी त्याची बायको मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. "चला ना घरी," ती तिसऱ्यांदा म्हणाली. "त्या नाही म्हणतायत ना? कशाला जुनं उकरून काढायचं?"

गाळणीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. नवरा खोटं बोलतो आणि घाम बायकोला फुटतो, हे त्यांनी या खुर्चीत बसून पुष्कळदा पाहिलं होतं. म्हातारी काहीतरी लपवत होती यात शंकाच नव्हती.

त्यांनी सेवापत्रक पुन्हा पुढ्यात ओढलं. भरतीची तारीख एक, आणि पत्रक उघडल्याची तारीख तिच्यापासून तीन वर्षं पुढची. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'नव्याने उघडले'. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"हे नव्याने का उघडलं?"

"मी मेलो होतो म्हणून," म्हातारा म्हणाला. "चार महिने दुसऱ्याच पलटणीच्या इस्पितळात बेशुद्ध पडलो होतो. मी कोण हे कुणाला ठाऊक नव्हतं. इकडे मला मेलेल्यांत धरलं."

बाई उठल्या. कार्यालयाची रीत त्यांना पाठ होती. माणूस मेला की त्याचं पत्रक बंद होऊन तळघरात जायचं. मेलेला परत आला, तर त्याला नवं कोरं पत्रक मिळायचं. तळघरातलं जुनं पत्रक पुन्हा कुणी उघडत नसे. जिवंत माणसाचं मेलेल्यांत काय असणार?

पाऊण तासाने त्या वर आल्या तेव्हा केसांत कोळ्याची जाळी अडकली होती आणि हातात एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर लाल शाईने 'कामी आला' असं लिहिलं होतं. त्याच्या खालच्या ओळीत शौर्यपदकाची नोंद होती, तारखेसकट. मागच्या तीन नकारांपैकी दोन गाळणीच्याच सहीचे होते. खोटं एकही पुढे गेलं नव्हतं खरं, पण खरं किती अडकलं याचा विचार त्यांनी आजवर केलाच नव्हता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी हाडात मुरलेला संशय एवढ्याने थोडाच जातो? नोंदीशेजारी पदक स्वीकारणाऱ्याची सही होती. त्यांनी कागद म्हातारीकडे फिरवला.

"ही सही कुणाची?"

म्हाताऱ्याने वाकून पाहिलं. अक्षर त्याला ओळखू आलं.

"माझी," म्हातारी म्हणाली.

"मग पदक कुठंय?"

"नदीत. हे घरी आले ना, त्याच संध्याकाळी पुलावरून टाकून दिलं." तिचा आवाज खाली गेला. "तुमचा माणूस गेला, त्याबद्दल हे घ्या, असं म्हणून फौजेच्या साहेबांनी ते माझ्या हातात ठेवलं होतं. मग माणूसच परत आला. दोन्ही माझ्याकडे ठेवून घेतलं असतं, आणि उद्या कुणी दारात येऊन म्हणालं असतं, यातलं एक परत करा, तर? तुम्हा कचेरीवाल्यांचा काय भरवसा?"

"चाळीस वर्षं मला थापाड्या म्हणाले," म्हातारा म्हणाला. "तू ऐकत होतीस. सगळं माहीत असून ऐकत होतीस."

"तुम्हीही ऐकत होतात," ती म्हणाली. "ऐकायला तुम्ही होतात. मला तेवढं पुरत होतं."

म्हाताऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसला.

गाळणीने पेनाचं टोपण काढलं. बंद पत्रक एका बाजूला ठेवलं, चालू पत्रक दुसऱ्या बाजूला. आता इकडचं तिकडे उतरवायचं आणि खाली सही करायची, एवढंच काम राहिलं होतं. तेवढ्यात म्हातारीने खुर्ची टेबलाला भिडवली, पुढे वाकली आणि लाल शाईतल्या त्या दोन शब्दांवर हाताचा पंजा दाबून धरला.

"पदकाचं तेवढं उतरवा," ती म्हणाली. "लिहा तुम्ही. मी बघतेय."