लांब बाहीचा स्वेटर

परदेशी आघाडीवर लढणाऱ्या जवानांनी घरच्यांसाठी चित्रित केलेले निरोप आले, आणि ते बघायला गावातल्या आया थिएटरात जमल्या. मास्तरीणबाईंना एवढंच बघायचं होतं, की आपण विणलेला स्वेटर लेकाला पोचला का. तिकडे थंडी मरणाची, आणि हा जन्माचा सर्दाळू.

पडद्यावर आधी पोस्टमनचा मुलगा आला. अंगात निळा स्वेटर.

शेजारच्या शिंपीणबाई फिसकन हसल्या. "अगं बाई, डावी बाही केवढी लांब! कुठल्या आंधळीने विणलाय हा?"

मास्तरीणबाई आपली वीण ओळखून खुर्चीत जरा खाली सरकल्या.

मग सुताराचा जावई आला. तोच स्वेटर. त्याच्यामागून न्हाव्याचा धाकटा. तोच स्वेटर, आणि बाहीत हात गायब.

शेवटी मास्तरीणबाईंचा लेक आला. नुसत्या बनियनवर, दात वाजवत. "आई, तुझा स्वेटर मिळाला गं. इतका उबदार आहे, की अंगातून काढवतच नाही!"

सगळं थिएटर खो खो हसलं. तेवढ्यात त्याच्या मागे, पडद्याच्या कडेला, पुढचा नंबरवाला घाईघाईने निळ्या स्वेटरात डोकं खुपसताना दिसला. डोकं बाहेर आलं. शिंपीणबाईंचाच मुलगा! डावा हात मात्र काही केल्या बाहेर येईना.

शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

मास्तरीणबाई त्यांच्या कानाशी हळूच म्हणाल्या, "त्याला कळवा हो, बाही दोनदा दुमडायची. आपली सगळी मुलं तोच घालतात."