पांगाऱ्याचा तुकडा

पंचावन्न साली मी डॉक्टरीणबाईंची गाडी चालवायचो. तिचा पेट्रोलचा काटा शून्यावरच असायचा. टाकीत तरंगून काटा हलवणारं बूच पेट्रोल पिऊन बुडालं होतं. एकदा माझा अंदाज चुकला आणि चाकणच्या वाटेवर पेट्रोल संपून गाडी थांबली. बाई दोन कोस चालत पुढच्या गावातल्या म्हाताऱ्या बिरूआजाच्या सुनेच्या बाळंतपणाला कशाबशा पोचल्या. दुसऱ्या आठवड्यात गाडी चिंचवडच्या गॅरेजमध्ये होती; बाईंकडून बुचाची गोष्ट ऐकून आजा तिथं आला. ज्या पांगाऱ्याच्या ओंडक्यावर त्यानं अख्ख्या गावाला विहिरीत पोहायला शिकवलं, त्याचाच तुकडा कापून आणला होता. “ह्यो बुडायचा न्हाई,” आजा म्हणाला. गॅरेजचा दत्तोबा मिस्त्री हसला, पण लाखेचा लेप देऊन त्यानं तो टाकीत बुचाच्या जागी बसवला. मी पेट्रोल ओतलं, चावी फिरवली. काटा थरथरला आणि वर येऊ लागला. आजानं टोपी काढली. विहिरीत पोराचा हात सोडताना म्हणायचा, तसं काट्याला म्हणाला, “भिऊ नगं. मी हाय.”