तुळशीचं गोंदण

ग्यानबा हापसा मारत होता आणि पुनम धारेखाली हात धूत होती. हिंगोलीहून बसनं येईस्तोवर ती धुळीनं माखली होती.

"राहू द्या काका, मी मारते," ती म्हणाली.

"धू, बाई. मला सवय हाय."

ऑक्टोबरचं ऊन आणि अंगात मनगटापर्यंत सैल बाह्यांचा ड्रेस. तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ग्यानबाच्या हातातला दांडा मधेच थांबला. त्यानं तिचे हात पाहिले, अगदी हावऱ्यासारखे पाहिले. मग मान खाली घालून तो पुन्हा हापसा मारू लागला. त्याचे डोळे भरून आले होते. पण हापशाजवळ ओल्या तोंडाचं कोणी काही विचारत नाही.

पुनमनं मात्र विचारलं. "काय झालं काका?"

"काई न्हाई. ऊन लागलं."

तिनं बाह्या खाली ओढल्या आणि ती समाजमंदिराकडे निघाली. ग्यानबाही मागोमाग गेला.

ती कोण, हे गावाला ती यायच्या आधीच कळलं होतं. पोरगं म्हणून जन्मलेली, बाई म्हणून जगणारी, आणि आपल्यासारख्यांसाठी गावोगाव ग्रामसभांत बोलत फिरणारी. एरवी ग्रामसभेला माणसं हुडकून आणावी लागतात. आज समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. तमाशा फुकटात असला की आपलं गाव वेळेवर येतं.

पुनमचं मागणं थोडकं होतं. घरातून हाकललेलं असं लेकरू परत आलं, तर गावानं त्याला आपलं म्हणावं आणि रहिवासी दाखला द्यावा. तेवढा एक ठराव.

सरपंच विश्वंभर तसा सज्जन माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमचं म्हणणं बराबर हाय. पण आमच्या गावात असलं कोणी न्हाईच. ठराव घ्यावा तर कोणासाठी घ्यावा?"

"मागच्या दोन गावांतही हेच ऐकलं," पुनम म्हणाली. "कोणत्याच गावात आम्ही जन्मत नाही. मग आम्ही येतो तरी कुठून?"

लोक हसले. ग्रामसेवकानं पेनाला टोपण लावलं. विषय संपल्यातच जमा होता.

ग्यानबा मागे खांबाला टेकून बसला होता. त्याला कैक वर्षांमागची नरसीची जत्रा आठवत होती. गोंदणारणीपुढे पोरींची रांग होती आणि त्या रांगेत त्याचा सोमेश्वर जाऊन बसला होता. पोरं हातावर नाव गोंदवतात, देव गोंदवतात. सोमेश्वरनं पोरींसारखी तुळस गोंदवून घेतली आणि घरी आल्यावर हरखून आईला दाखवली. ग्यानबानं चुलीतलं तापलेलं उलथनं उचललं आणि त्या तुळशीवर ठेवलं. सकाळी अंथरूण रिकामं होतं.

पोरगं पुण्याला कंपनीत लागलं, असं त्यानं गावात सांगितलं. कोणती कंपनी, हे गावानंही कधी विचारलं नाही. सोमेश्वरच्या आईनं, गोजरबाईनं मात्र मरेपर्यंत घराला आतून कडी लावू दिली नाही. ती गेल्यावर ग्यानबानंही लावली नाही. पण गेलेल्या लेकराच्या मागं तो फाट्यापर्यंतसुद्धा गेला नव्हता, आणि हे त्याला रोज खात होतं.

"मंग पुढचा विषय घ्या," विश्वंभर म्हणाला.

ग्यानबा खांबाला धरून उठला.

"थांब विश्वंभर. हाय. आपल्या गावात हाय."

"कोण हाय?"

"माझं लेकरू." त्यानं पुनमकडे बोट केलं. "हे काय, समोर उभं हाय."

पुनमच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"ग्यानबाआबा, काय बोलून राहिले?" पुढे बसलेला दगडोबा म्हणाला. "सोमेश्वर पुण्याला हाय न्हं?"

"पुण्याला कोणी न्हाई. मी खोटं सांगत व्हतो आन तुमी ऐकत व्हते." त्यानं खांब सोडला. "तुळस गोंदवली म्हणून मी लेकराचा हात भाजला. ते रडलं न्हाई. निस्तं माझ्याकडं बघत राहिलं."

दगडोबा सहजी ऐकणाऱ्यांतला नव्हता. "मंग हात दाखवा म्हणा. डाग असंलच की."

सगळ्यांच्या नजरा पुनमच्या बाहीवर गेल्या. तिनं ती बाही मनगटाशी घट्ट धरली. ग्यानबाकडे बराच वेळ पाहिलं.

"नाही दाखवणार," ती म्हणाली. "एवढ्या लोकांत हे बोलायला आबांना किती जड गेलं असेल. आता माझा हात कशाला बघता?"

बायकांच्या बाजूनं एक हात वर झाला. गोजरबाईसोबत निंदणाला जाणाऱ्या म्हातारीचा होता तो. मग शेजारचा, मग आणखी काही. विश्वंभरनं स्वतःचा हात वर केला आणि ग्रामसेवकाकडे पाहिलं. त्यानं टोपण काढलं. दगडोबा तेवढा हाताची घडी घालून बसला.

सभा उठल्यावर ग्यानबा तिची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत चालत गेला. आता हे चालणं कोणाच्या कामाचं, असं त्याच्या मनात येत होतं. फाट्यावर पुनमनं तोंड उघडलं.

"आबा, तुम्ही तर सकाळी हापशावर..."

"बस येऊन राहिली. हात कर."

तिनं हात वर केला. सैल बाही घसरून कोपराशी आली. हात सकाळी धारेखाली दिसला होता तसाच होता. त्यावर तुळस नव्हती, डाग नव्हता.

ग्यानबानं पिशवी तिच्याकडे दिली.

"भाजल्या हाताची कोणी कुठं भेटली," तो म्हणाला, "तर तिला सांग, तुझा बाप ग्रामसभेत उठला व्हता."