गालावरचा हात

शिंप्याचं काम करणाऱ्या काकांना तीन महिने झोप नव्हती. काल त्यांनी एका सदऱ्याला तीन बाह्या लावल्या, तेव्हा सुनेनं दहा ठिकाणी विचारून झोपेचा आणि मनाचा डॉक्टर शोधला. शहरात एकच होता, दातांच्या दवाखान्याच्या वर.

“बाबा, कुणी विचारलंच, तर दाढ दुखतेय म्हणा.”

दवाखान्याच्या फाटकातच शेजारचे सर भेटले, गालावर हात धरून. “काय काका, दाढ का?”

“दाढ कुठली, सर? बत्तीसच्या बत्तीस काढून दहा वर्षं झाली! झोप उडालीय, मन थाऱ्यावर नाही, म्हणून वर चाललोय.” आवाज मुद्दाम वरपर्यंत पोचेल असा.

वर बाकावरच्या सहाजणांनी गालावरचे हात खाली घेतले. मागोमाग सर आले आणि म्हणाले, “जरा सरका.”