नुसतं बघतोय

ग्लेनिस कुठंतरी मागं उभी राहून बघतेय, हे लोसालिनेला मान न वळवताही कळत होतं. हेड ऑफिसातून आलेली ही बाई सकाळपासून तिच्या मागावर होती. आज तिच्या मनास आलं तर नोकरी कायम, नाहीतर सोमवारपासून बसा घरी. आणि नशीब तरी कसं बघा, नेमकी आजच खालच्या मजल्यावरची मुलगी आजारी पडली. दुकानातल्या टॉवेल-चादरींच्या विभागातून लोसाला उचललं आणि बायकांच्या आतल्या कपड्यांत आणून उभं केलं.

"गिऱ्हाईक दिसलं की पुढं व्हायचं," ग्लेनिसनं बजावलं होतं. "डोळ्यांत बघायचं, हसायचं, काय हवं ते विचारायचं. विचारल्याशिवाय एक माणूस इथून जाता कामा नये. कळलं?"

"कळलं."

तसं अवघड काही नव्हतं. दोघी-तिघींना तिनं हसून विचारलंही होतं. तेवढ्यात सरकतं दार उघडलं आणि सेमिसी आत आला.

सेमिसी म्हणजे तिचा थोरला भाऊ. चांगला आडदांड गडी, पण परवा बाप झाल्यापासून नुसता भांबावलेला. त्याची बायको, मेले नावाची वहिनी, अजून हॉस्पिटलातच होती. हा दुपटी घेईल आणि जाईल, देवा जाऊ दे, असं लोसा मनातल्या मनात घोकत राहिली. सेमिसीनं दाराजवळ मांडलेल्या दुपट्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तो थेट ब्रांच्या रांगेत घुसला आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठीच्या फळीसमोर जाऊन थांबला.

लोसाची पाचावर धारण बसली. ती नाईटगाउनांच्या मागं सरकली.

टोंगा बेटांवरून आलेल्या टोंगन घरातली पोरगी ती. तिथं भाऊबहीण वयात आले की टीव्हीसुद्धा एका खोलीत बसून बघत नाहीत. बहिणीसमोर कुणी वावगा शब्द बोललं तर भाऊ उठून चालू लागतो. त्यातून सेमिसी म्हणजे कहरच. दोरीवर बहिणीचे कपडे वाळत असले तर हा मागच्या अंगणात पाय टाकायचा नाही. बहीण वरच्या मजल्यावर टॉवेल विकते एवढंच त्याला ठाऊक, म्हणून तर बिचारा बिनघोर आला होता.

त्यानं एक ब्रा उचलली, उलटीसुलटी केली, चटका बसल्यासारखी खाली ठेवली. दुसरी उचलली. शेजारच्या दोन बाया एकमेकींना कोपर मारून हसल्या. लोसाच्या हातात हँगर होते. ते तिनं खाली ठेवले, परत उचलले.

"लोसा!" ग्लेनिस कानाशी येऊन कुजबुजली. "गिऱ्हाईक!"

"तुम्ही विचाराल का? एवढ्या एकालाच?"

"का? नोकरी माझी कायम व्हायचीय?"

"अहो, तो माझा भाऊ आहे."

"अरे वा!" ग्लेनिस खूश झाली. "मग तर सोपंच की!"

आता हिला काय सांगणार, कपाळ! लोसा बाहेर आली. भावापासून हातभर अंतरावर थांबून तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि समोरच्या मोज्यांना विचारलं, तेही परक्याला विचारावं तसं इंग्रजीतून, "सर, काही मदत हवी का?"

आवाज ओळखून सेमिसी थिजला. हातातली ब्रा गळून पडली. कानापर्यंत लाल होऊन त्यानं छताकडे बघितलं.

"नको," तो छताला म्हणाला. "मी नुसतं बघतोय."

त्या दोन बाया फिदीफिदी हसल्या. सेमिसी एका स्टँडला धडकला, त्याचीच माफी मागितली आणि दाराबाहेर पडला. लोसाला वाटलं, इथंच भोकाड पसरावं. भाऊ हात हलवत परत गेला, वहिनी तिकडं वाट बघतेय आणि हे सगळं आपल्यापायी.

"सख्ख्या भावाशी पाठ फिरवून बोललीस?" ग्लेनिसचा आवाज चढला. "मग परक्यांशी काय बोलशील? हे असलं चालणार नाही बाई. आता एकच गिऱ्हाईक बघते, आणि मग काय ते ठरवते."

दार पुन्हा सरकलं. टोंगन रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळलेली एक म्हातारी धापा टाकत आत आली. इकडेतिकडे बघून लोसापाशी येऊन उभी राहिली.

"पोरी, बाहेर गाड्यांपाशी एक गडी उभा आहे. माझी ना ओळख ना पाळख, पैसे कोंबले माझ्या हातात. म्हणतो, बायको बाळंत झालीय, आत एक मुलगी आहे, ती देईल ते..."

म्हातारीचं बोलणं पुरं व्हायच्या आत लोसा फळीपाशी पोहोचली होती. पुढून उघडणाऱ्या, सुती, दोन. दर रविवारी वहिनीच्या धुण्याच्या घड्या तीच घालायची, तिला माप कशाला विचारावं लागतंय! पैसे घेऊन, कागदात नीट गुंडाळून तिनं पुडकं पिशवीत घातलं आणि म्हातारीच्या हातात दिलं. म्हातारीच्या डोळ्यांत बघून ती हसलीसुद्धा. खरं तर हसू आणि रडू एकदमच आलं होतं.

"काही विचारलं नाहीस, आणि बरोबर तेच दिलंस?" ग्लेनिस बघतच राहिली. "असं लक्ष मी जन्मात बघितलं नाही. सोमवारी ये. कायम झालीस असं समज."

म्हातारी पिशवी घेऊन निघाली, पण दोन पावलं जाऊन परत आली आणि टोंगनमध्ये हळूच म्हणाली, "मी त्याला विचारलं हो, ही आतली मुलगी तुझी कोण? तर तोंड फिरवून म्हणतो, मी नाही ओळखत. तेव्हाच म्हटलं, सख्खी बहीण असणार."