झिपमधला कंडक्टर

"तुझ्या गेममधली बस स्टॉपवरून हलतच नाही," बाबांनी माझ्यापुढे मोबाइल आदळला.

बसच्या एका गेमची मी गावठी आवृत्ती काढली होती: आपली लाल गाडी, आपला घाट आणि निवृत्त कंडक्टर बाबांच्या आवाजात ‘पुढे सरका!’ काल बाबांनी ते नव्या जोशात रेकॉर्ड करून पाठवलं. मी गेमच्या फाइलींची झिप उघडली, जुन्या आवाजाची फाइल काढली, नवी कोंबली आणि न ऐकताच अपलोड करून मोकळी झाले.

बाबा रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते. ‘पुढे सरका’नंतर चार मिनिटं आई त्यांना झापत होती, आणि तिचं संपेपर्यंत गेममधली बस सुटत नव्हती.

गेमच्या पानाखाली कॉमेंटचा ढीग. "गाडी राहू दे, काकूंना बोलू दे!"

"आत्ताच्या आत्ता काढ ते," बाबा ओरडले. मी झिप उघडली, तोच आई कणकेच्या हातांनी मागे येऊन उभी राहिली.

"किती जणांनी ऐकलं?"

"चार हजार."

बाबांनी डोळे मिटले. आईने घसा खाकरला.

"मग परत रेकॉर्ड कर. ओल्या टॉवेलचं तर राहूनच गेलंय."