तळं कुठंय?

बावीस वर्षं तो ड्रायव्हर रोज सकाळी पर्यटकांची बस घेऊन डोंगरावरच्या त्या जुन्या तळ्याकाठच्या गावात जायचा आणि रात्री जेवताना बायकोला तिथलं सगळं रंगवून सांगायचा. रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो तिला एका दिवसासाठी तिथे घेऊन गेला, या खेपेला प्रवासी म्हणून.

स्टँडवर उतरल्यावर तो ऐटीत डावीकडे वळला, तर समोर हॉटेलची मागची भिंत आणि वाळत घातलेल्या चादरी. मग उजवीकडे गेला, तर गल्ली एका गॅरेजपाशी संपली. शेवटी त्याने हळूच एका पोस्टमनला विचारलं, "दादा, तळं कुठंय हो?"

बायको जागच्या जागी थांबली. "अहो, तुम्ही विचारताय?"

त्याने मान खाली घातली. "अगं, गाडी सोडून जायची सोय कुठे होती? प्रवाशांना 'तुम्ही सगळे फिरून या' म्हणायचो आणि सीटवरच ताणून द्यायचो. परतताना लोक मागे जे बोलायचे, तेच घरी येऊन तुला सांगायचो."

ती पोट धरून हसली, डोळे पुसले आणि त्याचं मनगट पकडून झपझप चालू लागली.

"चला, मी दाखवते. पुढे घड्याळाचा मनोरा, तिथून बावन्न पायऱ्या, आणि खाली तळं. बावीस वर्षं तुमच्याच तोंडून ऐकतेय, आणि तुम्ही विचारताय, तळं कुठंय!"